रखवालदार आणि दरोडेखोर : एकाच माणसाच्या दोन नोंदी

गोंदिया जिल्ह्यातील कोहमारा हे नागपूर-रायपूर महामार्गावरचे गाव. येथून उत्तरेला गेले की गोरेगाव, गोंदिया आणि पुढे बालाघाटचा मुलूख. दक्षिणेला नवेगावबांध, मोरगाव अर्जुनी आणि पलीकडे गडचिरोलीचे रान. पूर्वेला देवरी ओलांडली की छत्तीसगडची हद्द. ज्या तालुक्यात हे गाव मोडते त्याचे नाव सडक अर्जुनी. दोन अर्जुनींपैकी ही सडकेवरची, म्हणून हे नाव. या टापूच्या इतिहासात सडक, रान आणि सीमा या तीन गोष्टी एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत. जेथे सडक रानातून जाते तेथे लुटणारा असतो, राखणारा असतो, आणि त्या दोघांच्या कथा असतात. प्रस्तुत लेखात आम्ही या दोघांविषयी एकच प्रश्न विचारणार आहोत : लुटणारा आणि राखणारा ही खरोखर दोन वेगळी माणसे होती काय?

सीमाप्रदेशातील कायदेभंजक आणि कायदारक्षक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिकन पश्चिमेचे चित्र येते. धुळीचा रस्ता, दोन बाजूंना उभे असलेले दोन पुरुष, एकाच्या छातीवर तारा, दुसऱ्याच्या डोक्यावर इनाम. १८९३ साली फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने अमेरिकन स्वभावाची घडण या सरकत्या सीमेनेच केली असा सिद्धान्त मांडला, आणि पुढे चित्रपटांनी त्या सिद्धान्ताला घोडा आणि पिस्तूल दिले. आपल्याकडे १९७५ च्या ‘शोले’ने हे चित्र देशी केले. पण ‘शोले’च्या कथेकडे जरा थांबून पाहावे. निवृत्त पोलीस अधिकारी दरोडेखोराला पकडण्यासाठी कोणाला आणतो? तुरुंगातून सुटलेल्या दोन चोरांना. पटकथाकारांनी हे गंमत म्हणून योजले असेल. इतिहासाने मात्र ही युक्ती फार पूर्वी आणि फार गंभीरपणे वापरलेली आहे.

खुद्द अमेरिकेतही ती दोन माणसे इतकी वेगळी नव्हती. बिली द किड या नावाने गाजलेला तरुण १८७८ च्या लिंकन परगण्यातील संघर्षात काही काळ एका न्यायाधीशाने नेमलेल्या, म्हणजे कायद्याने अधिकार दिलेल्या टोळीत होता. त्याला १४ जुलै १८८१ रोजी ठार करणाऱ्या शेरीफ पॅट गॅरेटने पुढच्याच वर्षी त्याचे ‘अस्सल’ म्हणवणारे चरित्र प्रसिद्ध केले. कायदारक्षकांचा मेरुमणी समजला जाणारा वायट अर्प १८७१ साली घोडाचोरीच्या आरोपाखाली पकडला गेला होता. तो १९२९ साली वारला आणि १९३१ साली निघालेल्या एका भाबड्या चरित्राने त्याला निष्कलंक वीर करून टाकले. म्हणजे गोळी झाडणारा आणि गोष्ट सांगणारा यांचा संबंध तेथेही जवळचाच. आख्यायिका घटनेनंतर शंभर वर्षांनी उगवत नाही. ती बहुधा पंचनाम्याच्याच शाईने लिहायला सुरुवात होते.

आता आपल्या मुलखाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मध्य भारतातील सर्वांत मोठे भय पेंढाऱ्यांचे होते. मराठी बोलीत ‘पेंढारी’ हा शब्द आजही शिवीसारखा येतो. पण पेंढारी हे मराठा सरदारांच्या फौजांबरोबर हिंडणारे, लुटीवर जगणारे बिनपगारी घोडेस्वार होते. शिंदे-होळकरांच्या आश्रयाने त्यांची वाढ झाली. १८१७-१८ च्या मोहिमेत इंग्रजांनी त्यांचा बीमोड केला. या मोहिमेच्या शेवटी तिघांचे काय झाले, ते शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. पेंढाऱ्यांचा पाठीराखा अमीरखान इंग्रजांशी तह करून टोंकचा नवाब झाला. करीमखान १८१८ साली माल्कमला शरण आला आणि त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. चितू शरण न येता रानात फिरत राहिला आणि असीरगडच्या परिसरातील जंगलात वाघाने त्याला खाल्ले. एकाच धंद्यातील तीन माणसे. एक राजा, एक जमीनदार, एक वाघाचे भक्ष्य. त्यांच्या कृत्यांत असा काही फरक नव्हता की त्यावरून हे तीन निकाल लागावेत. फरक पडला तो कागदावर सही कधी आणि कोणाशी झाली याने.

यानंतरचा अध्याय ठगांचा. विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने नर्मदेच्या खोऱ्यात, जबलपूर हे केंद्र धरून, ठगांविरुद्ध मोहीम चालवली आणि १८३६ साली त्यासाठी खास कायदा झाला. त्या कायद्यान्वये ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले तरी जन्मठेप देता येई. स्लीमनचे मुख्य हत्यार काय होते? माफीचा साक्षीदार. फिरंगिया नावाचा ठगांचा म्होरक्या पकडला गेला, त्याला जीवदान मिळाले आणि त्याच्या तोंडून बाकीच्यांची नावे बाहेर पडली. स्लीमनचे ठगांच्या भाषेवरचे पुस्तक १८३६ चे, आणि मेडोज टेलरची ठगाच्या कबुलीजबाबाच्या रूपात लिहिलेली कादंबरी १८३९ ची. ठगी ही कितपत संघटित प्रथा होती आणि कितपत वसाहतकारांच्या कल्पनेने रचलेली, यावर इतिहासकारांत वाद आहे. त्या वादात न शिरताही एवढे म्हणता येते की ठगांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातील फार मोठा भाग फाशी चुकवण्यासाठी बोलणाऱ्या माणसांनी सांगितला आणि फाशी देणाऱ्या माणसांनी लिहून घेतला. साहित्याच्या अभ्यासकाने निवेदकाची विश्वसनीयता तपासण्याचे धडे घ्यायचे असतील तर याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

उमाजी नाईकांची कथा या सर्वांत अधिक बोलकी आहे. त्यांचा जन्म १७९१ साली पुरंदरच्या पायथ्याच्या भिवडीचा. रामोशी समाजाकडे किल्ल्याची आणि गावांची राखण परंपरेने होती. पेशवाईच्या अखेरच्या काळात पुरंदरची राखण त्यांच्याकडून काढली गेली, आणि १८१८ नंतर नव्या सरकारने जुन्या हक्कांकडे पाठ फिरवली. राखण गेली, तिच्याबरोबर पोट गेले. उमाजी लूट करू लागले, तुरुंगात गेले आणि तुरुंगातच लिहावाचायला शिकले. पुढे त्यांचा बंदोबस्त करणे जमेना तेव्हा सरकारने त्यांना माफी देऊन चक्क नोकरीत घेतले. ज्या मुलखात ते लूट करीत त्याच मुलखाची राखण त्यांच्याकडे आली. ही व्यवस्था टिकली नाही. १८३१ च्या फेब्रुवारीत त्यांच्या नावाचा जाहीरनामा निघाला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते आपल्याच माणसांच्या फितुरीने पकडले गेले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. त्यांच्या मागावर असलेल्या अधिकाऱ्यांपैकी कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश याने १८३३ साली रामोशी समाजाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि त्यात उमाजींचे चरित्र घातले. गॅरेटने बिलीचे चरित्र लिहिण्याच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधीची ही गोष्ट. एक योगायोग येथे नोंदवावासा वाटतो. ज्या १८३१ साली उमाजींच्या नावाचा जाहीरनामा निघाला, त्याच साली मुंबईत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश छापला गेला. एकीकडे राज्यकर्ते मराठी शब्दांचे अर्थ निश्चित करीत होते आणि दुसरीकडे एक रामोशी नाईक ‘राजा’ आणि ‘रयत’ या शब्दांचे अर्थ आपल्या बाजूने वळवू पाहत होता.

उमाजी हा अपवाद असता तर आम्ही हा लेख लिहिला नसता. भागोजी नाईक हे भिल्ल पुढारी अहमदनगरच्या पोलिसांत अंमलदार होते. १८५५ साली दंगा आणि पोलिसांना अडथळा या आरोपावरून त्यांना सजा झाली. सुटल्यावर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोटे येथे त्यांच्या टोळीशी झालेल्या चकमकीत पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री मारला गेला. मग सरकारने काय केले? भिल्लांविरुद्ध लढण्यासाठी कॅप्टन नटॉलच्या हाताखाली कोळ्यांची पलटण उभारली. हेच ते महादेव कोळी, ज्यांचे पुढारी राघोजी भांगरे यांना याच सरकारने २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले होते. दहा वर्षांच्या आत बंडखोरांची जमात बंदोबस्ताची पलटण झाली आणि काम संपताच ती पलटण मोडण्यातही आली. भागोजी १८५९ च्या नोव्हेंबरात फ्रँक सूटरच्या तुकडीशी लढताना पडले. सूटर पुढे मुंबईचा पोलीस आयुक्त झाला. खानदेशातील खाज्या नाईकांचेही असेच. सेंधव्याच्या घाटाची राखण वर्षानुवर्षे त्यांच्याकडे होती. नंतर त्यांना सजा झाली, सुटका झाली, १८५७ साली निकड भासताच पुन्हा घाटाच्या राखणीवर नेमणूक झाली. आणि त्याच वर्षी बंड करून त्यांनी त्या वाटेने जाणारा सुमारे सात लाखांचा खजिना लुटला.

या सर्व चरित्रांना एक सांगाडा आहे. डोंगर आणि रान ओळखणारा माणूस राज्याला हवा असतो, कारण त्याच्यावाचून सडक चालत नाही. त्याला नेमणे फौज ठेवण्यापेक्षा स्वस्त पडते. राखणीचा मोबदला कधी वतन असते, कधी वाटसरूंकडून मिळणारी पट्टी, कधी सरकारी पगार. राज्य बदलले किंवा खर्चाची काटछाट झाली की हा मोबदला तुटतो; पण माणसाचे रानाचे ज्ञान आणि हातातले हत्यार तसेच राहते. काल जी पट्टी हक्काची होती ती आज खंडणी ठरते. काल जो नाईक होता तो आज पुंड ठरतो. त्याला पकडण्यासाठी पुन्हा तसाच दुसरा माणूस लागतो, कारण साहेबाला रानातली वाट ठाऊक नसते. हे चक्र फिरत असताना १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला आणि त्याने चक्राचा एक भाग गोठवून टाकला. ज्या जमातींकडे पिढ्यान्‌पिढ्या राखण होती त्यांतल्या अनेक आता जन्मानेच गुन्हेगार ठरल्या आणि हजेरी देऊ लागल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. त्याने दिलेले नाव मात्र माणसांना अजून चिकटून आहे.

गोंदियाच्या बाजूस हे चक्र कसे दिसते? हा भाग नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. रानातल्या जमीनदाऱ्यांकडे आपापल्या मुलखाचा बंदोबस्त असे. म्हणजे जमीनदार हाच तेथला कायदारक्षक. गोंदियाजवळचे कामठा (नागपूरची कामठी नव्हे) ही अशा मोठ्या जमीनदाऱ्यांपैकी एक. १८१८ साली आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटले तेव्हा कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल त्यांच्या बाजूने उभा राहिला. कॅप्टन गॉर्डनच्या हाताखाली नागपूरहून फौज आली, कामठ्याची गढी पडली, चिमणा पटेल कैदेत गेला, आणि पुढे कामठ्याची जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली. काल ज्याच्याकडे चोरांना पकडण्याचा अधिकार होता तो आज इंग्रजी कागदोपत्री बंडखोर. त्याने केले होते काय? आपल्या धन्याची बाजू घेतली होती. धनी बदलल्याची बातमी त्याने मान्य केली नाही, हा त्याचा गुन्हा.

दक्षिणेला चांद्याच्या मुलखात चाळीस वर्षांनी हेच अधिक दारुणपणे घडले. मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी १८५८ साली बंड पुकारले. अडपल्लीचे व्यंकटराव त्यांना सामील झाले. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेच्या काठी चिंचगोंदी येथे तारखात्याच्या तळावर हल्ला झाला आणि गार्टलंड व हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. जिल्ह्याचा अधिकारी क्रिक्टन याने बाबुरावांना पकडण्याचे काम कोणावर सोपवले? अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर. त्याही गोंडच. बाबुराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. व्यंकटरावांच्या जप्त झालेल्या परगण्यांचे बक्षीस लक्ष्मीबाईंना मिळाले. तळ तारखात्याचा होता हे ध्यानात घ्यावे. सडक आणि तार ही राज्याची रानात शिरणारी बोटे. पुढच्याच दशकात नागपूरहून रायपूरकडे जाणारी मोठी सडक बांधली गेली, आणि आजचा महामार्ग बऱ्याच अंशी तिच्याच वाटेने जातो.

लोककथेने बाबुरावांना वेगळ्या रूपात जपले आहे. त्यांच्या अंगी दैवी शक्ती आली होती, शरीर लोखंडासारखे झाले होते, फाशीचा दोर पुन्हा पुन्हा सैल होत गेला, असे सांगतात. चंद्रपूरच्या तुरुंगातील पिंपळापाशी त्यांच्या स्मृतिदिनी लोक जमतात. या कथांना भाबड्या म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. आमच्या मते दोर सैल होण्याच्या कथेत एक न्यायविषयक विधान आहे : हा माणूस फाशीयोग्य नव्हता, आणि दोरालाही ते कळत होते. सरकारी निकालपत्राला लोकांनी दिलेले ते उत्तर आहे, आणि ते त्यांच्याच भाषेत आहे.

तथापि येथे थांबता येत नाही. एरिक हॉब्सबॉम यांनी १९६९ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात ‘सामाजिक दरोडेखोरा’ची संकल्पना मांडली : श्रीमंतांना लुटणारा, गरिबांना देणारा, शेतकऱ्यांच्या मनातील न्यायाचा प्रतिनिधी. १९७२ साली अँटन ब्लॉक यांनी तिला आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की प्रत्यक्षातले पुष्कळसे दरोडेखोर बड्यांच्या आश्रयानेच टिकत आणि गरिबांनाच दहशत बसवीत; हॉब्सबॉम लोकांच्या आकांक्षेला वस्तुस्थिती समजत आहेत. मराठी समीक्षेत आपण बहुधा हॉब्सबॉमची बाजू घेतो, कारण ती आपल्या पोवाड्यांशी जुळते. आपल्याकडील साधनांवरून आम्हाला तिसरीच गोष्ट दिसते. लोककथा आणि सरकारी दप्तर ही एकमेकांची वैरी असली तरी एका बाबतीत त्यांचे संगनमत आहे. दोघींनाही नायकाच्या नोकरीची वर्षे नको असतात. दप्तराला ती नकोत, कारण ज्याला जन्मजात लुटारू म्हणायचे त्याला आपणच पगार दिला होता हे लपवायचे असते. लोककथेला ती नकोत, कारण वीराने साहेबाचा पगार घेतला हे तिला सांगवत नाही. म्हणून उमाजी एकीकडे केवळ दरोडेखोर उरतात आणि दुसरीकडे केवळ राजे. मधला राखणदार दोन्हीकडून हद्दपार होतो. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला कथेत फितुरी येते आणि दप्तरात बक्षीस येते. दोन सत्तांच्या मध्ये सापडलेल्या जमीनदारीण बाईपुढे कोणते पर्याय होते, हे विचारायला दोघांनाही सवड नाही.

मराठी साहित्यात हा मधला माणूस ओळखणारा लेखक म्हणजे अण्णा भाऊ साठे. १९५९ च्या ‘फकिरा’त नायकाचे बंड शौर्यापासून सुरू होत नाही, ते हजेरीपासून, दुष्काळापासून आणि गावगाड्यातल्या मानापासून सुरू होते. गावाची इभ्रत राखणारी माणसेच कायद्याच्या वहीत संशयित म्हणून कशी चढतात हे ती कादंबरी दाखवते. ‘फकिरा’ शिकवताना आपण नायकाच्या वीरत्वावर जितका वेळ देतो त्याच्या निम्मा जरी त्या हजेरीच्या वहीवर दिला तरी विद्यार्थ्यांना कादंबरी वेगळी दिसेल.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणेल. या सीमेवर राहणाऱ्यांना तसे म्हणता येत नाही. १९८० नंतर चळवळीचे दलम या रानात आले. १९९० साली गडचिरोलीत सी-६० ही तुकडी उभी राहिली, तिच्यात स्थानिक आदिवासी तरुण घेतले गेले, आणि कारण तेच होते : वाट त्यांना ठाऊक. सीमेपलीकडे छत्तीसगडमध्ये स्थानिक तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून तुटपुंज्या मानधनावर बंदुका देण्यात आल्या. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. महाराष्ट्रात २००५ पासून आत्मसमर्पणाची योजना आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत भूपती या वरिष्ठ नेत्याने साठ साथीदारांसह शस्त्रे ठेवली आणि २८ नोव्हेंबर २०२५ रोजी गोंदियात तीन राज्यांच्या सीमाभागातील अकरा जण शरण आले. या लांब हिंसेत दलमच्या गोळीने मेलेला पोलीस आणि पोलिसांच्या गोळीने मेलेला दलमचा माणूस पुष्कळदा एकाच भाषेत आईला हाक मारणारे होते. खबऱ्या म्हणून मारला गेलेला गावकरी तर दोन्ही याद्यांच्या मध्ये राहिला.

आज बंदुका खाली ठेवल्या जात असताना कथा रचण्याचे काम सुरू झालेले असणार. काही ठिकाणी ती चकमकींच्या विजयगाथा म्हणून रचली जाईल, काही ठिकाणी हौतात्म्याची गाणी म्हणून. दोन्ही वाङ्मयप्रकारांची परंपरा आपल्याकडे समृद्ध आहे. साहित्याच्या शिक्षकांचे काम त्यांपैकी एक निवडून टाळ्या वाजवण्याचे नाही. प्रत्येक कथेत वगळलेली वर्षे शोधायला विद्यार्थ्यांना शिकवणे हे आपले काम आहे. हा माणूस याआधी कोणाच्या पगारावर होता? तो पगार कोणी आणि का तोडला? त्याला पकडणारा कोणत्या गावचा? आणि ज्याच्या तोंडून ही गोष्ट आपल्यापर्यंत आली, त्याला ती सांगण्याबद्दल काय मिळाले?

या टापूतील महाविद्यालयांच्या वर्गांत पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली मोठ्या संख्येने असतात. पहाटे सडकेच्या कडेने धावून ती तासाला येतात. त्यांतल्या कोणाच्या घरी, नात्यात वा गावात दुसऱ्या बाजूची आठवणही असू शकते. ती वर्गात बोलली जात नाही. उमाजींचे, भागोजींचे, बाबुरावांचे आणि लक्ष्मीबाईंचेही चरित्र या मुलांसमोर पूर्ण ठेवले, मधली वर्षे न गाळता ठेवले, तर निदान एवढे होईल की घरातल्या त्या आठवणीची त्यांना लाज वाटणार नाही आणि अंगावर चढणाऱ्या वर्दीचा आंधळा गर्वही वाटणार नाही. इतिहासाच्या अभ्यासाकडून याहून मोठी अपेक्षा आम्ही करीत नाही. याहून कमी अपेक्षा मात्र या मुलखात राहून करता येत नाही.